वांझपणाचा शिक्का आणि गर्भपिशवीचा टी.बी.

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्या वस्त्यावस्त्यांतून एक खटला उभा राहतो. या खटल्यात आरोपी आधीच ठरलेली असते. ती म्हणजे घरची सून. सासू, नणंदा, आत्या, शेजारणी या साक्षीदार. न्याय करायला सारी वस्ती बसलेली. पुरावा मात्र कोणी मागत नाही. नवऱ्याची तपासणी झालेली नसते, बायकोचीही धड झालेली नसते, तरी ‘वांझ’ हा शिक्का मारून सगळे मोकळे होतात. मग डोहाळजेवणाला तिला टाळले जाते. बारशाला तिचा हात पाळण्याला लागू नये म्हणून धडपड केली जाते. बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या, देवदेवस्की सोडायला लावली. पण मूल होत नाही म्हटल्यावर त्याच घरांतून गंडेदोरे, अंगारे आणि बुवा-बाबांच्या पायऱ्या पुन्हा सुरू होतात.

या सगळ्या गोंधळात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. या बाईला काही आजार तर नाही ना? आणि असल्यास तो औषधाने बरा होणारा तर नाही ना?

आम्ही आज ज्या आजाराविषयी लिहीत आहोत त्याला बोलीत गर्भपिशवीचा टी.बी. म्हणतात. डॉक्टरी भाषेत तो स्त्री-जननेंद्रियांचा क्षयरोग. टी.बी. म्हटले की आपल्याला खोकला आठवतो, बेडका आठवतो, रक्ताची गुळणी आठवते. तो गर्भपिशवीलाही होतो, हे आपल्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही ठाऊक नसते. भारतातील रुग्णालयांत मूल होत नाही म्हणून आलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाचे प्रमाण कुठे शंभरात तीन-चार, तर कुठे पंधरा-वीसपर्यंत आढळले आहे. रुग्णालयागणिक आणि तपासणीच्या पद्धतीगणिक हे आकडे बदलतात. पण सर्वात लहान आकडा धरला, तरी हा विषय बाजूला सारण्याजोगा राहत नाही.

जंतू कुठून येतो?

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. त्या दिवसापासून क्षय हा दैवाचा, पापाचा किंवा घराण्याचा रोग उरला नाही, तो जंतूचा रोग ठरला. हा जंतू हवेतून श्वासावाटे फुफ्फुसात शिरतो. घरातल्या, कारखान्यातल्या, शाळेतल्या एखाद्या खोकणाऱ्या रुग्णाकडून तो येतो. बहुतेकांच्या शरीरात तो दबून राहतो आणि आयुष्यभर काही करत नाही. ज्यांच्यात तो शिरला, त्यांपैकी शंभरातल्या पाच-दहा जणांनाच पुढे प्रत्यक्ष आजार होतो.

काही मुलींच्या बाबतीत मात्र हा जंतू फुफ्फुसातून रक्तात उतरतो आणि गर्भनलिकांमध्ये घर करतो. गर्भनलिका म्हणजे अंडाशयातून निघालेले स्त्रीबीज ज्या वाटेने गर्भपिशवीकडे जाते ती वाट. याच वाटेत स्त्रीबीज आणि पुरुषबीज एकत्र येतात. जननेंद्रियांच्या टी.बी.त या नलिका जवळजवळ प्रत्येक रुग्णात सापडतात, आणि बहुधा दोन्ही बाजूंच्या. निम्म्याहून अधिक स्त्रियांत तो पुढे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरातही उतरतो. नलिका सुजतात, आतून चिकटतात, बंद होतात. अस्तर खराब झाले की गर्भ रुजायला जागा राहत नाही.

हे सारे मुकाट्याने चालते. फुफ्फुसातला मूळ आजार केव्हाच शांत झालेला असतो. खोकला नसतो, ताप असला तर बारीकसा असतो. काहींची पाळी कमी होते किंवा थांबते, काहींच्या ओटीपोटात दुखत राहते, काहींच्या अंगावरून पांढरे जाते, वजन घटते. आणि कित्येकींना काहीच होत नाही. मूल न होणे हेच त्यांचे एकमेव लक्षण. म्हणून ती बाई कधी टी.बी.च्या दवाखान्यात जातच नाही आणि टी.बी.चा दवाखाना तिला शोधत येत नाही.

येथे एक गोष्ट सुनावून सांगितली पाहिजे. हा जंतू तिच्या अंगात बहुधा लहानपणी किंवा वयात येताना शिरलेला असतो. त्यामुळे ‘माहेरहून रोग घेऊन आली’ म्हणून तिला टोचणे हा अडाणीपणा आहे. तसेच ज्या बाईचा टी.बी. फक्त गर्भपिशवीत आहे, तिच्या ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने किंवा तिच्या हातचे पाणी प्यायल्याने तो कोणाला होत नाही. तिची भांडी वेगळी काढणारांनी हे नीट ध्यानात घ्यावे. भांडी वेगळी काढण्याचा अर्थ काय असतो, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

रोगाची वस्ती कोणती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे २६ टक्के रुग्ण एकट्या भारतात होते. म्हणजे दर चारांत एक आपला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील शंभर माणसांत सुमारे ३१ जणांच्या शरीरात हा जंतू शिरलेला आढळला. हा जंतू जात विचारत नाही, हे खरे. पण तो खोली विचारतो, खिडकी विचारतो आणि ताटात काय आहे तेही विचारतो.

मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसनाच्या वसाहती पाहा. झोपडी गेली, पक्के घर मिळाले, म्हणून लोक आनंदले. पण इमारतींना इमारती चिकटवून बांधलेल्या; खालच्या मजल्यांवर दिवसाही ऊन नाही, वारा नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांसह केलेल्या अभ्यासात या दाट, कोंडलेल्या रचनेचा आणि टी.बी.चा संबंध दाखवून दिला. झारखंडमध्ये झालेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा एक अभ्यास आहे. त्यात क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना जादा धान्य आणि डाळ असा आहार दिला गेला, तेव्हा त्या घरांत नव्याने होणारा टी.बी. जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाला. औषध तेच राहिले, फक्त पोटात अन्न पडले.

आता या दोन्ही गोष्टी बाईला लावून पाहा. कोंडलेल्या खोलीत चोवीस तास कोण असते? घरात सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी कोण जेवते? आजारपण सर्वांत जास्त कोण लपवते? म्हणून आम्ही म्हणतो, हा आजार जंतूचा असला, तरी त्याला वाट करून देणारी व्यवस्था माणसांनी उभी केलेली आहे.

तपासणी कशी व्हावी?

मूल होत नाही म्हणून दवाखान्यात जाणाऱ्या जोडप्याने पहिली तपासणी नवऱ्याची करून घ्यावी. पुरुषाच्या वीर्याची तपासणी ही सगळ्यांत सोपी, स्वस्त आणि बिनत्रासाची तपासणी. मूल न होणाऱ्या जोडप्यांत फार मोठ्या संख्येने दोष पुरुषात किंवा दोघांतही असतो. असे असूनही बाईला चार वेळा टेबलावर झोपवले जाते आणि नवरा एकदाही बाटली हातात घेत नाही. ही कसली मर्दानगी?

त्यानंतर बाईची तपासणी. पाळीचा इतिहास, पूर्वी घरात कोणाला टी.बी. होता काय, तिला स्वतःला मानेला गाठ, छातीत पाणी असे काही झाले होते काय, हे डॉक्टरांनी विचारले पाहिजे. न विचारल्यास आपण सांगितले पाहिजे. छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी करावी. गर्भपिशवीत औषध सोडून काढलेल्या एक्स-रेमध्ये, ज्याला एच.एस.जी. म्हणतात, नलिका बंद किंवा मण्यांच्या माळेसारख्या दिसल्या, तर संशय बळावतो. मात्र आजार भरात असताना ही तपासणी टाळतात, कारण त्याने रोग पसरू शकतो.

खरा पुरावा मिळतो तो गर्भपिशवीच्या अस्तराच्या तुकड्यातून. तो बारीक नळीने काढता येतो, त्यासाठी पोट फाडावे लागत नाही. पण येथे दोन बारकावे आहेत आणि दोन्ही आपल्या भगिनींनी पाठ करून ठेवावेत.

पहिला बारकावा तारखेचा. अस्तर दर महिन्याला पाळीबरोबर गळून जाते आणि नवे तयार होते. त्यामुळे टी.बी.च्या खुणा त्यात महिन्याच्या शेवटी दिसण्याची शक्यता अधिक. म्हणून हा तुकडा पाळी येण्याच्या आधीच्या दिवसांत घेणे योग्य.

दुसरा बारकावा बाटलीचा. तुकड्याचे दोन भाग व्हायला हवेत. एक भाग फॉर्मालिनमध्ये. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाच्या गाठी दिसतात का ते पाहतात. दुसरा भाग साध्या सलाइनमध्ये. त्याच्यावर सीबीनॅट ही तपासणी आणि जंतू वाढवून पाहण्याची, म्हणजे कल्चरची, तपासणी होते. सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला, की जंतू तिथेच मरतो. मग कल्चर कशाचे करणार? एवढ्याशा चुकीने बाईला पुन्हा टेबलावर जावे लागते आणि पुन्हा पैसे भरावे लागतात. म्हणून तुकडा काढण्याआधी विचारा, ‘डॉक्टर, कल्चरसाठी वेगळा पाठवणार ना?’ विचारणे हा आपला हक्क आहे.

सीबीनॅटचा निकाल काही तासांत मिळतो. जंतू रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देईल की नाही, हेही त्यात कळते. कल्चरला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. गर्भपिशवीच्या टी.बी.त जंतू मुळातच फार थोडे असतात. म्हणून सीबीनॅट पॉझिटिव्ह आले तर ते विश्वासार्ह. पण निगेटिव्ह आले म्हणजे टी.बी. नाहीच, असे म्हणता येत नाही. अशा वेळी तज्ज्ञ डॉक्टर दुर्बिणीने पोटातून तपासणी करतात. नलिकांवर, आतड्यांवर पांढरे दाणे, चीजसारखा पदार्थ, चिकटलेले अवयव असे काही डोळ्यांना दिसले, तर निदान पक्के व्हायला मदत होते.

एका रिपोर्टवर सहा महिने गोळ्या?

आतापर्यंत आम्ही रोग न सापडण्याविषयी लिहिले. आता उलट्या बाजूविषयी लिहिणे भाग आहे, कारण लूट दोन्ही बाजूंनी होते. एकीकडे बुवा-बाबा आहेत. ते रोग असताना अंगारा देतात. दुसरीकडे काही चकाचक केंद्रे आहेत. ती रोग सिद्ध झालेला नसताना टी.बी.च्या गोळ्या सुरू करतात.

याचे मुख्य साधन म्हणजे अस्तराच्या तुकड्यावर केलेली पी.सी.आर. तपासणी. तिच्यात जंतूच्या डी.एन.ए.चा कण शोधतात. तो कण मेलेल्या जंतूचाही असू शकतो, प्रयोगशाळेत दुसऱ्या नमुन्यातून मिसळलेलाही असू शकतो. म्हणून नुसती पी.सी.आर. पॉझिटिव्ह आली आणि बाकी कशातही खूण नाही, तर तेवढ्यावर सहा महिन्यांचा उपचार सुरू करू नये, असे जाणकार सांगतात. मँटूचे, म्हणजे हातावरच्या सुईचे, तेच. ती सुई सुजली म्हणजे जंतू कधीतरी शरीरात शिरला एवढेच कळते. ज्या देशात शंभरात एकतीस प्रौढांच्या शरीरात तो आहे, तिथे या सुईवरून गर्भपिशवीचा टी.बी. ठरवणे म्हणजे आंधळ्याचा नेम. रक्तातील अँटिबॉडीवरून टी.बी. सांगणाऱ्या तपासण्यांवर तर भारत सरकारने जून २०१२ मध्येच बंदी घातली आहे. अशा तपासणीचे बिल कोणी हातात दिले, तर ते भरू नका, तक्रार करा.

सरकारने २०१६ साली फुफ्फुसाबाहेरच्या टी.बी.साठी देशव्यापी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत स्त्री-जननेंद्रियांच्या टी.बी.चाही विचार आहे. म्हणजे शास्त्र उपलब्ध आहे, कागद उपलब्ध आहे. गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत तो कागद पोचवण्याची जबाबदारी कोणाची?

आम्ही डॉक्टरांविरुद्ध नाही. प्रामाणिक डॉक्टरांमुळेच हा आजार पकडला जातो. आमचे म्हणणे इतकेच, की मोलमजुरी करणाऱ्या बाईचे शरीर हे अंदाज बांधण्याचे ठिकाण नव्हे. आधी पुरावा, मग औषध.

औषध फुकट आहे, पण वेळेत घ्या

निदान पक्के झाले, तर घाबरण्याचे कारण नाही. हा टी.बी. औषधाने बरा होतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन औषधे, वजनाप्रमाणे, रोज. एकूण सहा महिने. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. बी. शर्मा आणि सहकाऱ्यांनी सहा महिने आणि नऊ महिने अशा उपचारांची तुलना केली आणि सहा महिने पुरेसे असल्याचे दिसून आले. जंतू औषधांना दाद देत नसेल, तर मात्र उपचार वेगळा आणि तो तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

ही औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. पूर्वी डॉट्समध्ये आठवड्यातून तीनदा गोळ्या मिळत; २०१७ पासून देशभर रोजच्या गोळ्या लागू झाल्या. टी.बी.च्या प्रत्येक रुग्णाची सरकारकडे नोंद करणे खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे. नोंद झाली की ‘निक्षय’चा क्रमांक मिळतो आणि आहारासाठी बँक खात्यात पैसे येतात. २०१८ साली ही रक्कम महिना ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० रुपये झाली. गर्भपिशवीचा टी.बी. असलेल्या बाईचाही या रकमेवर पूर्ण हक्क आहे. ‘खोकला नाही, म्हणून तुम्हाला लागू नाही’ असे कोणी म्हणाले, तर ते चूक आहे.

गोळ्या सुरू झाल्यावर लघवी नारिंगी होते. घाबरू नये, तो रिफाम्पिसिनचा रंग. पण सतत उलट्या, डोळे पिवळे होणे, नजर अंधूक होणे, हातापायांना मुंग्या येणे असे झाले, तर त्याच दिवशी दवाखान्यात सांगावे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट. या औषधांनी पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. उपचार पुरा होईपर्यंत दिवस राहू न देणे बरे, म्हणून त्या काळात निरोध वापरावा. आणि तो वापरण्याची जबाबदारी नवऱ्याची. मध्येच दिवस राहिले, तर मनाने गोळ्या बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. नेहमीची औषधे गरोदरपणातही चालू ठेवता येतात.

उपचारानंतर मूल होते का?

याचे उत्तर आम्ही गोड करून सांगणार नाही. औषधाने जंतू मरतो. पण बंद पडलेली नलिका, वाळलेले अस्तर औषधाने पूर्ववत होतेच असे नाही. आजार लवकर पकडला गेला, तर काही स्त्रियांना उपचारानंतर नैसर्गिकरीत्या दिवस राहतात. उशीर झाला, तर शक्यता कमी होत जाते. म्हणूनच वर्ष-दोन वर्षे अंगाऱ्यात घालवणे हा केवळ पैशाचा अपव्यय राहत नाही, त्यात बाईची कूस जाते. बाबाच्या दारात गेलेले एकेक वर्ष नलिकेच्या हिशोबातून वजा होते.

ज्यांना उपचारानंतर दिवस राहतात त्यांनी एक सावधगिरी घ्यावी. इजा झालेल्या नलिकेतच गर्भ अडकण्याचा धोका असतो. पाळी चुकल्यावर पोटात एका बाजूला जोरात दुखणे, अंगावर जाणे, चक्कर येणे असे झाले, तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे. तो जिवाचा प्रश्न असतो.

नलिका बंद आहेत पण अस्तर चांगले आहे, अशा स्त्रियांना टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग उरतो. टी.बी.चा पुरा उपचार झाल्यावरच तो घ्यायचा. आता येथे आमचा सवाल आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, तेव्हा अख्ख्या देशाने ते डोक्यावर घेतले. के.ई.एम. हे महापालिकेचे रुग्णालय, लोकांच्या करातून चालणारे. जी विद्या लोकांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयात फळाला आली, ती पुढे लाखो रुपयांच्या पॅकेजमध्ये बांधली गेली आणि कष्टकरी बाई बाहेरच राहिली. शेजारच्या गोव्यात २०२३ साली बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात ही सेवा मोफत सुरू झाली. गोव्याला जमते ते महाराष्ट्राला जिल्ह्या-जिल्ह्यात का जमू नये?

शिक्का पुसायचा कोणी?

१९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा देताना भूमिका मांडली, की आईच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलावा. बाईचे आरोग्य हा तिचा खासगी प्रश्न नसून सार्वजनिक प्रश्न आहे, हा विचार आपल्याला तेव्हापासूनचा आहे. ज्या बाईला मूल व्हावे म्हणून उपचार हवा आहे, तिलाही तोच विचार लागू पडतो.

आणि मूल झालेच नाही तर? क्रांतिज्योती सावित्रीबाईंना मूल नव्हते. घरच्यांनी जोतिरावांमागे दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला. जोतिरावांनी तो साफ धुडकावला. १८७४ साली दोघांनी काशीबाई नावाच्या फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये मायलेक रुग्णसेवेत उतरले आणि १० मार्च रोजी त्यातच सावित्रीबाई गेल्या. ज्या घरांच्या भिंतीवर सावित्रीबाईंची तसबीर आहे, त्याच घरात सुनेला ‘वांझ’ म्हणणे कसे शोभते? हा प्रश्न आम्ही विचारतो आहोत, कारण तसबिरीला हार घालणे सोपे असते.

जे तसबिरीने ऐकत नाहीत, त्यांच्यासाठी कायदा आहे. एकाच पत्नीचे तत्त्व बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात आणले आणि १९५५ च्या विवाह कायद्याने ते पक्के झाले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मूल होत नाही म्हणून पहिली असताना दुसरी करणे हा गुन्हा आहे. मूल न होणे हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण नाही. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात तर स्पष्ट लिहिले आहे, की मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून बाईचा अपमान करणे, तिची टिंगल करणे ही हिंसाच आहे. ‘वांझ’ हा शब्द तोंडातून काढणारांनी हे कलम एकदा वाचावे.

आमच्या मागण्या आणि आमचे काम

२०२५ पर्यंत भारतातून क्षयरोग संपवण्याचे उद्दिष्ट पंतप्रधानांनी २०१८ मध्ये जाहीर केले होते. घोषणांनी जंतू मरत नसतात. बेडका तपासून जो टी.बी. सापडत नाही, तो शोधल्याशिवाय हे उद्दिष्ट कधीच गाठता येणार नाही. म्हणून आम्ही शासनाकडे मागणी करतो, की प्रत्येक जिल्हा रुग्णालयातील स्त्रीरोग विभाग आणि क्षयरोग केंद्र यांची सांगड घालावी. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला टी.बी.विषयीचे प्रश्न विचारले जावेत. संशय असल्यास तुकड्याची तपासणी, सीबीनॅट, कल्चर आणि गरजेप्रमाणे दुर्बिणीची तपासणी मोफत व्हावी. आशाताईंच्या प्रशिक्षणात या आजाराचा समावेश करावा. आणि सरकारी रुग्णालयांत टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार गरिबांना परवडतील असे उपलब्ध करावेत.

शासनाकडे मागून आपण हात झटकायचे नाहीत. बुद्धविहारांतील महिला मंडळांनी एका रविवारी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि क्षयरोग केंद्राचे कर्मचारी यांना बोलावून या विषयावर बोलते करावे. त्या दिवशी पुरुषांनाही बसवावे, मागच्या रांगेत नव्हे, पुढच्या. सासूबाईंनी सुनेला बाबाकडे न्यायचा दिवस तिला सरकारी रुग्णालयात न्यावे, आणि मुलालाही बरोबर न्यावे. शिकलेल्या तरुणांनी रिपोर्ट वाचून द्यावेत, निक्षयची नोंद झाली का ते पाहावे, खात्यात पैसे आले का ते विचारावे.

कॉखने जंतू शोधला त्याला एकशे चाळीसहून अधिक वर्षे झाली. औषधे आली, तीही जुनी झाली. तरी आपल्या वस्तीत आजही एखादी बाई कोणाच्या तरी बारशाला दारातूनच परत फिरते. तिला परत फिरवणारा हात आपल्यातलाच असतो. तो हात आधी खाली आला पाहिजे, आणि मग त्याच हाताने तिच्यासाठी केसपेपर काढला पाहिजे.